अमेरिकेतलं ‘नियम सैल करणारं’ विधेयक वाचायचं कसं

अमेरिकी काँग्रेसमध्ये वित्तीय नियम सैल करणारं विधेयक आलं की मांडणारे म्हणतात, कर्ज सुलभ होईल, छोट्या कंपन्यांना भांडवल मिळेल. विरोधक म्हणतात, २००८ चं आर्थिक संकट पुन्हा येणार. दोघांची निवेदनं कितीही वाचली तरी आपल्या ४०१(के) निवृत्ती खात्याचं, ब्रोकरशी केलेल्या कराराचं किंवा आपल्या बँकेचं नेमकं काय होणार, ते कळत नाही. ते कळतं मसुद्यातून. तिथेही ते ठळक अक्षरांत लिहिलेलं नसतं. एखाद्या आकड्यात, एखाद्या क्रियापदात, एखाद्या व्याख्येत बसलेलं असतं. जुना कायदा शेजारी ठेवून हा मसुदा कुणालाही वाचता येतो. त्यासाठी वकिली शिकलेली असावी लागत नाही, मात्र दोन-तीन संध्याकाळी मोकळ्या ठेवाव्या लागतात.

मसुदा कुठला, ते आधी पक्कं करा

काँग्रेस डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर विधेयक क्रमांकाने शोधा. प्रतिनिधी सभेचा क्रमांक ‘एच.आर.’ने सुरू होतो, सिनेटचा ‘एस.’ने. नावाने शोधलं तर घोटाळा होतो. ‘फायनान्शियल चॉइस अॅक्ट’ सप्टेंबर २०१६ मध्ये एच.आर. ५९८३ म्हणून आला, त्या काँग्रेसची मुदत संपल्यावर बाद झाला, आणि एप्रिल २०१७ मध्ये बदललेल्या मजकुरासह एच.आर. १० म्हणून परत आला. दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस बसते आणि अर्धवट राहिलेलं प्रत्येक विधेयक रद्द होतं, म्हणून हे वारंवार घडतं.

क्रमांक सापडला की मजकुराच्या पानावर आवृत्त्यांची यादी उघडा. मांडलेली, समितीने पुढे पाठवलेली, सभागृहाने मंजूर केलेली आणि दोन्ही सभागृहांनी संमत करून राष्ट्राध्यक्षांच्या सहीसाठी तयार झालेली, अशा निदान चार आवृत्त्या संभवतात. सगळ्यात जास्त फसगत समितीच्या टप्प्यावर होते. तिथे अनेकदा एकच दुरुस्ती येते, आणि ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अख्खा मजकूर बदलून टाकते. विधेयकाचा क्रमांक तोच, नाव तेच, आत दुसराच कायदा. त्यामुळे वाचायला बसण्याआधी आवृत्तीची तारीख कागदावर लिहून ठेवा आणि ‘अॅक्शन्स’ या भागातली शेवटची नोंद तिच्याशी ताडून पाहा.

विधेयकाच्या नावावर मत बनवू नका. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ हा अनुभव इथे नेहमीचा आहे. पण उलट चूकही करू नका: २०१८ च्या ज्या कायद्याने मोठ्या बँकांवरची देखरेख सैल केली, त्याच्या नावात ‘ग्राहक संरक्षण’ आहे आणि आतही थोडं आहेच. तिन्ही पतमापन कंपन्यांकडे आपली पतनोंद मोफत गोठवण्याचा हक्क त्याच कायद्याने दिला. कलमागणिक वाचायचं ते यासाठीच.

जुना कायदा शेजारी मांडा

असं विधेयक नुसतं वाचून काही बोध होत नाही, कारण त्यात पूर्ण वाक्यंच नसतात. ‘अमुक कलमातला तमुक शब्द काढून हा शब्द घालावा’ अशा सूचनांची ती माळ असते. मूळ वाक्य दुसरीकडे, जुन्या कायद्यात असतं.

ते शोधताना नवखा माणूस हमखास एका ठिकाणी अडतो. विधेयकात लिहिलेलं असतं ‘सिक्युरिटीज एक्स्चेंज अॅक्टचं कलम १०’. संहितेत, म्हणजे कायदे विषयवार खंडांत मांडलेल्या ‘यूएस कोड’मध्ये, ते कलम १५ व्या खंडात ‘७८जे’ या क्रमांकाखाली सापडतं. २००८ च्या संकटानंतर आलेल्या डॉड-फ्रँक या वित्तीय सुधारणा कायद्याचं कलम १६५ बाराव्या खंडात ५३६५ झालेलं असतं. कारण असं, की रोखे बाजाराचा १५ वा खंड आणि बँकांचा १२ वा खंड यांना काँग्रेसने स्वतंत्र कायदा म्हणून संमत केलेलं नाही. त्यामुळे दुरुस्ती मूळ कायद्यात होते आणि संहितेतले क्रमांक हे फक्त मांडणीचे क्रमांक राहतात. विधेयकात मूळ कलमाच्या मागे कंसात संहितेचा क्रमांक बहुधा दिलेला असतो, तो धरा. त्याहून सोपा मार्ग म्हणजे गव्हइन्फो या सरकारी संकेतस्थळावरची कायद्यांची संकलनं. त्यात मूळ क्रमांक कायम ठेवून आजवरच्या दुरुस्त्या मिसळलेल्या असतात.

विधेयक प्रतिनिधी सभेच्या समितीतून बाहेर पडलं असेल, तर निम्मं काम आधीच झालेलं असतं. सभेच्या नियमानुसार समितीच्या अहवालात जुन्या कायद्याचा मजकूर बदल दाखवून छापावा लागतो: काढलेले शब्द कंसात, नवे शब्द तिरप्या अक्षरांत, जैसे थे असलेले साध्या अक्षरांत. याला ‘रॅम्झेयर’ म्हणतात. सिनेटमधल्या अशाच नियमाला ‘कॉर्डन’. अहवालाचा हा भाग शेवटी असतो, लांबलचक असतो, आणि बहुतेक वाचक तिथवर पोचतच नाहीत. तुम्ही मात्र सुरुवात तिथूनच करा.

एक कलम जवळून

पद्धत कशी चालते ते एकाच कलमावर पाहू. वर आलेला २०१८ चा कायदा, म्हणजे २४ मे २०१८ रोजी सही झालेला एस. २१५५, त्याचं कलम ४०१. सिनेटमध्ये तो ६७ विरुद्ध ३१ आणि प्रतिनिधी सभेत २५८ विरुद्ध १५९ मतांनी संमत झाला होता. म्हणजे दोन्ही पक्षांची मतं त्याला मिळाली होती.

पहिला बदल आकड्याचा. डॉड-फ्रँकच्या कलम १६५ मध्ये ५० अब्ज डॉलर किंवा त्याहून जास्त मालमत्तेच्या बँक-समूहांवर फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने (‘फेड’ने), कडक निकष लावावेत, असं होतं. ‘५० अब्ज’ काढलं, ‘२५० अब्ज’ घातलं. इथे थांबून कागदावर तीन रकाने आखा: ५० ते १००, १०० ते २५०, आणि २५० अब्जांच्या वर. पहिला रकाना सही झाली त्या दिवशीच नियमातून सुटला. मधला अठरा महिन्यांनी सुटणार होता, पण फेडला गरज वाटल्यास त्यांना पुन्हा नियमाखाली आणण्याची मुभा ठेवली होती.

दुसरा बदल एकाच शब्दाचा. बँकांच्या आकारानुसार आणि जोखमीनुसार नियम वेगवेगळे ठेवण्याची सवलत फेडला आधीही होती. तिथलं क्रियापद होतं ‘मे’, म्हणजे ‘करू शकेल’. ते काढून ‘शॅल’ घातलं, म्हणजे ‘करेलच’. यातच खरी ग्यानबाची मेख आहे. आधी नियम सैल का केला, याचं कारण फेडने द्यायचं होतं. आता सैल का केला नाही, याचं उत्तर फेडने द्यायचं, आणि ते पटलं नाही तर बँका न्यायालयात जाऊ शकतात. दोन अक्षरी शब्दाने पुराव्याचा भार एका बाजूकडून दुसरीकडे गेला.

तिसरा बदल वारंवारितेचा. मोठा आर्थिक धक्का बसला तर बँक तग धरेल का, हे पाहणाऱ्या दरवर्षीच्या ताण-चाचण्यांबद्दल मधल्या रकान्यासाठी ‘वार्षिक’ जाऊन ‘ठरावीक काळाने’ आलं. काळ किती, ते कायद्यात नाही. पुढे फेडने तो दोन वर्षांचा ठरवला. चाचणीतल्या तीन काल्पनिक परिस्थितींपैकी मधली गाळून दोनच ठेवल्या.

सिलिकॉन व्हॅली बँक याच मधल्या रकान्यात होती. २०२२ अखेर तिची मालमत्ता सुमारे २०९ अब्ज डॉलर होती. फेडची तिच्यावरची पहिली ताण-चाचणी २०२४ मध्ये व्हायची होती. ९ मार्च २०२३ या एका दिवसात ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढून घेतले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. बँक बुडाली ती व्याजदराच्या जोखमीमुळे आणि विमा नसलेल्या ठेवींच्या प्रचंड प्रमाणामुळे. सगळं खापर कायद्यावर फोडणं बरोबर नाही. पण एप्रिल २०२३ च्या फेडच्या स्वतःच्या अहवालाने म्हटलं, की नियम सैल झाल्याने आणि देखरेखीचा पवित्रा मवाळ झाल्याने परिणामकारक लक्ष ठेवण्यात अडथळा आला. ‘मे’ आणि ‘शॅल’ हा फरक कागदी नाही, तो असा उतरतो.

आकडा टक्क्यांत आहे की डॉलरमध्ये, आणि तो महागाईशी बांधलाय का

प्रत्येक नव्या आकड्याला हे दोन प्रश्न विचारा.

चॉइस अॅक्टमध्ये भागधारकांच्या ठरावाबद्दल तरतूद होती. तोवरच्या नियमानुसार वर्षभर २,००० डॉलरचे शेअर धारण करणारा माणूस कंपनीच्या वार्षिक सभेत ठराव मांडू शकत असे. विधेयक म्हणत होतं: एक टक्का, आणि तोही तीन वर्षं. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. ५०० अब्ज डॉलर बाजारमूल्याच्या कंपनीत तो ५ अब्ज डॉलर होतो. आकडा वाचून पुढे जाऊ नका, खऱ्या कंपनीवर गणित करून पाहा. कमी टक्क्याच्या मागे सामान्य भागधारकाचा दरवाजा पूर्ण बंद केलेला असू शकतो.

दुसरा प्रश्न त्याहून सूक्ष्म. खासगी, नोंदणी नसलेल्या गुंतवणुकी ज्यांना विकता येतात, त्या ‘ॲक्रेडिटेड’ गुंतवणूकदाराची कसोटी आहे २ लाख डॉलर वार्षिक उत्पन्न किंवा १० लाख डॉलर निव्वळ मालमत्ता. हे आकडे १९८२ चे आहेत आणि महागाईशी बांधलेले नाहीत. राहतं घर मालमत्तेत धरायचं नाही, एवढी सुधारणा डॉड-फ्रँकने केली. चार दशकांच्या महागाईत या आकड्यांची किंमत घसरत गेली आणि संरक्षणातून बाहेर पडणाऱ्यांची संख्या वाढत गेली, एकही शब्द न बदलता. याउलट ५ एप्रिल २०१२ च्या जॉब्स अॅक्टने उदयोन्मुख कंपन्यांना सवलती देताना १ अब्ज डॉलर वार्षिक महसुलाची मर्यादा घातली आणि ती दर पाच वर्षांनी महागाईनुसार वाढेल असंही लिहून ठेवलं. आज ती १.२३५ अब्ज आहे. कंपनीच्या सवलतीची मर्यादा महागाईबरोबर चढते, गुंतवणूकदाराच्या संरक्षणाची जागीच राहते. विधेयकात ‘महागाईनुसार समायोजन’ हे शब्द कुठल्या आकड्याशेजारी आहेत आणि कुठल्या नाहीत, हे मुद्दाम तपासा.

हक्क कागदावर ठेवून दात काढले आहेत का

फसवणुकीला मनाई करणारं कलम कुणी सहसा रद्द करत नाही. बदलतं ते त्याच्या भोवतालचं.

दावा कोण लावू शकतो, ते पाहा. १९९५ च्या खासगी रोखे दावे सुधारणा कायद्याने गुंतवणूकदाराला दाव्याच्या सुरुवातीलाच फसवणुकीच्या हेतूची ठोस तथ्यं मांडायला लावलं, म्हणजे कंपनीची कागदपत्रं हाती येण्याआधीच. भविष्याविषयी कंपनीने केलेल्या विधानांना त्याने संरक्षक कवचही दिलं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नकाराधिकार वापरला, काँग्रेसने तो मोडून कायदा केला. फसवणुकीची व्याख्या जशीच्या तशी राहिली.

करारातलं सक्तीचं लवाद-कलम पाहा, म्हणजे वाद न्यायालयात न नेता खासगी लवादाकडेच न्यायची अट. ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने २०१७ मध्ये सामूहिक दावे रोखणाऱ्या लवाद-कलमांना मनाई करणारा नियम केला होता. काँग्रेसने तो काही महिन्यांत रद्द केला. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० झाले आणि उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने तो पडला. हे झालं ते ‘काँग्रेशनल रिव्ह्यू अॅक्ट’च्या वाटेने. या वाटेवर सिनेटमध्ये ६० मतांची अट लागत नाही, आणि रद्द झालेल्या नियमासारखाच नियम नव्या कायद्याशिवाय परत करता येत नाही. मसुदा एका पानाचा असतो, पण परिणाम कायमचा. म्हणून पानं मोजून विधेयकाचं महत्त्व ठरवू नका.

आणि पैसा पाहा. ज्या संस्थेने नियम राबवायचा, तिचं अंदाजपत्रक कुठून येतं? रोखे आयोगाचं, म्हणजे एसईसीचं अंदाजपत्रक काँग्रेस दरवर्षी मंजूर करते. ग्राहक ब्युरोला फेडकडून ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे मिळतात. ती मर्यादा फेडच्या २००९ च्या खर्चाच्या १२ टक्के होती. हा मार्ग घटनेला धरून आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला. जुलै २०२५ च्या मोठ्या कर-खर्च कायद्याने ती मर्यादा ६.५ टक्क्यांवर आणली. तिथे ग्राहक हक्कांचं एकही कलम खोडावं लागलं नाही. तपासणीस कमी झाले की कलम कपाटात राहतं.

ऑडिटचंही असंच. एन्रॉन कंपनीच्या हिशेब-घोटाळ्यानंतर आलेल्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याच्या कलम ४०४(बी) प्रमाणे कंपनीची अंतर्गत नियंत्रणं बाहेरच्या ऑडिटरने तपासून प्रमाणित करायची असतात. चॉइस अॅक्टला या तपासणीतून असलेली सूट साडेसात कोटी डॉलरऐवजी ५० कोटी डॉलर बाजारमूल्यापर्यंतच्या कंपन्यांना द्यायची होती. तुमच्या म्युच्युअल फंडात छोट्या कंपन्या किती आहेत, त्यावर हे तुम्हाला किती लागू होतं ते ठरेल.

जिथे कुणी शोधत नाही तिथे शोधा

वित्तीय नियमांचे बदल दरवेळी स्वतःच्या नावाने येत नाहीत. डेरिव्हेटिव्ह व्यवहारांना, म्हणजे दुसऱ्या मालमत्तेच्या किमतीवर किंवा दरावर बेतलेल्या करारांना, देखरेखीबाहेर ठेवणारा २००० चा कायदा डिसेंबरमध्ये एका अवाढव्य खर्च विधेयकाला जोडून संमत झाला. बँकांनी ठरावीक स्वॅप व्यवहार (डेरिव्हेटिव्हचाच एक प्रकार) विमाधारक शाखेबाहेर न्यावेत, हे डॉड-फ्रँकचं कलम ७१६ डिसेंबर २०१४ च्या खर्च विधेयकात बहुतांश पुसलं गेलं. सरकार बंद पडण्याची तारीख जवळ आलेली असते, त्यामुळे अशा विधेयकावर चर्चा होत नाही. डिसेंबरात खर्च विधेयकाचा मजकूर उघडून ‘डॉड-फ्रँक’, ‘सिक्युरिटीज एक्स्चेंज अॅक्ट’, ‘ब्युरो’ एवढे तीन शब्द शोधले तरी बरंच हाती लागतं.

काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा, म्हणजे सीबीओचा अंदाज जपून वाचा. चॉइस अॅक्टमुळे दहा वर्षांत तूट सुमारे २४ अब्ज डॉलरने कमी होईल, असा त्याचा हिशेब होता. त्यात मोठा वाटा होता बुडणाऱ्या महाकाय वित्तसंस्था सरकारी देखरेखीखाली गुंडाळण्याची व्यवस्था रद्द करण्याचा. हिशेब सरकारी तिजोरीचा आहे, तोही दहा वर्षांच्या खिडकीतला. गुंतवणूकदाराचं नुकसान त्या तक्त्यात कुठल्याच ओळीत येत नाही.

प्रत्येक सवलत वाईट नसते

याची जाणीव ठेवली नाही तर तुमचं म्हणणं कुणी ऐकणार नाही. २०१८ च्या कायद्याने १० अब्ज डॉलरपेक्षा लहान बँकांना एक साधा पर्याय दिला: पुरेसं स्वतःचं भांडवल ठेवा, मग किचकट जोखीम-गणितातून सूट. नियामकांनी २०१९ मध्ये हे प्रमाण ९ टक्के ठरवलं. हा सौदा रास्त आहे, कारण सवलतीच्या बदल्यात भांडवल मागितलं आहे. प्रत्येक कलमासमोर लिहा: सूट कुणाला, बदल्यात काय, चुकलं तर भरपाई कोण देणार. तिसऱ्या रकान्यात ‘ठेवीदार’ किंवा ‘गुंतवणूकदार’ आलं आणि दुसरा रिकामा राहिला, तर ते कलम विरोधाच्या यादीत टाका.

मत कळवायचं ते कसं, कधी

वेळ सगळ्यात महत्त्वाची. प्रतिनिधी सभेत ही विधेयकं वित्तीय सेवा समितीकडे जातात, सिनेटमध्ये बँकिंग समितीकडे. समिती ज्या बैठकीत कलमवार दुरुस्त्या करते, तिला मार्कअप म्हणतात. त्याआधी पोचलेलं पत्र मजकूर बदलू शकतं. सभागृहातल्या मतदानाच्या आदल्या रात्रीचं पत्र फक्त मोजलं जातं.

पत्र आपल्याच मतदारसंघाच्या प्रतिनिधीला आणि आपल्या राज्याच्या दोन सिनेटरांना पाठवा. पत्त्याचा झिप कोड मतदारसंघाबाहेरचा असेल तर कार्यालय बहुधा दखल घेत नाही. नागरिक नसलात तरी त्या मतदारसंघात राहत असलात तर लिहा. फोन करायचा असेल तर कॅपिटलचा मुख्य क्रमांक २०२-२२४-३१२१. राज्य आणि प्रतिनिधीचं नाव सांगितलं की जोडून देतात. पत्रात विधेयकाचा क्रमांक, एकच कलम आणि एकच मागणी असू द्या. ‘हे विधेयक गुंतवणूकदारविरोधी आहे’ यावर कर्मचारी काही करू शकत नाही. ‘अमुक कलमातली एक टक्क्याची अट काढा, कारण आमच्या निवृत्ती फंडातल्या सर्वांत मोठ्या कंपनीत ती इतके अब्ज डॉलर होते’ यावर त्याला टिपण करता येतं. संघटनांनी तयार करून दिलेली एकसारखी पत्रं गठ्ठ्यात मोजली जातात. त्यातली पहिली दोन वाक्यं तरी स्वतःची लिहा.

विधेयक संमत झालं तरी काम संपत नाही, कारण बरेच तपशील नियामक संस्था नंतर ठरवतात. नियमाचा मसुदा फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात येतो आणि सूचनांसाठी बहुधा ३० ते ६० दिवस मिळतात. इथे कुणीही लिहू शकतं, मतदारसंघाची अट नाही, नागरिकत्वाची नाही. एसईसीच्या मसुद्याला ‘एस७’ने सुरू होणारा फाइल क्रमांक असतो, तो विषयात न घातल्यास पत्र भलतीकडे जातं. आलेल्या महत्त्वाच्या मुद्द्यांची दखल संस्थेला अंतिम नियमात घ्यावी लागते, नाहीतर न्यायालयात तो नियम टिकवणं तिला जड जातं. म्हणून मसुद्यात संस्थेने जे क्रमांकित प्रश्न विचारलेले असतात, त्यातल्या एक-दोनांची क्रमांक घालून, आकड्यांसह उत्तरं द्या. सगळ्यांना उत्तर देण्याच्या नादात मुदत टळते. काँग्रेस डॉट गव्हवर विधेयकासाठी ईमेल सूचना लावून ठेवा, आणि सहीसाठी गेलेली शेवटची आवृत्ती आली की तुमच्या तीन रकान्यांचा कागद काढून ती पुन्हा एकदा ओळीनं ताडून पाहा.